पिल्लाचं पोट फुगलं, म्हणजे जंतच असं नाही

कुत्र्याचं पिल्लू अंगाने बारीक राहिलं आणि पोट तेवढं टम्म दिसू लागलं, की घरातला, शेजारचा आणि औषधाच्या दुकानातला असे तिघेही एकच निदान सांगतात: जंत. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पिल्लांना जंत आईच्या पोटातच, नाहीतर तिच्या दुधातून मिळतात आणि अंगणातल्या मातीत लोळणाऱ्या पिल्लाला ते पुन्हा पुन्हा होतात. म्हणून जंताचं औषध आधी द्यायचं, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. वजनाप्रमाणे औषध दिलं, पंधरा दिवसांनी दुसरा डोस झाला, शी तपासली तर तिच्यात अंडी नाहीत, आणि तरी पोट उतरत नाही. पाठीचा कणा मात्र हाताला जास्तच लागतो. अशा वेळी तिसऱ्यांदा जंताचं औषध आणायला जाऊ नका. पोटात पाणी झालेलं असू शकतं, आणि त्या पाण्याचं मूळ यकृतात असू शकतं.

यकृताचा आजार म्हातारपणी होतो असं आपण माणसांवरून ठरवून टाकलेलं असतं. कुत्र्यांत तो तीन महिन्यांच्या पिल्लातही दिसतो आणि दोन-तीन वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या लॅब्राडॉरमध्येही. वर्ध्यातच काय, जिल्ह्यातल्या हिंगणघाट, पुलगाव, आर्वीलाही आता पग, शिह त्झू, जर्मन शेफर्ड सर्रास दिसतात. पिल्लू बहुधा नागपूरहून किंवा कुणाच्या ओळखीतून आलेलं असतं, त्याच्या आईबापाचा पत्ता नसतो, आणि त्या आईला याआधी झालेल्या पिल्लांचं काय झालं हे कुणी विचारलेलं नसतं. काही जातींत यकृताच्या रक्तवाहिन्यांचा दोष जन्मतःच असतो. गावठी कुत्र्यात तो कमी दिसतो, पण त्यालाही विषारी बुरशी, उंदराच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस आणि गोचीडतापाचे आजार सोडत नाहीत.

पाणी येतं कुठून

जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणारं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या एका मोठ्या शिरेत गोळा होऊन आधी यकृतात शिरतं. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने येतं. अन्नातून आलेलं पोषण, आणि आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेला अमोनियासारखा विषारी माल, दोन्ही त्यात असतं. यकृत पोषण ठेवून घेतं आणि अमोनियाचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवायची सोय करतं.

आता कालव्याचं दार गाळाने अडलं तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी मागे तुंबतं, भरावातून शेजारच्या शेतात पाझरतं, आणि दाब फारच वाढला की बाजूने फोडून स्वतःची वाट काढतं. यकृत आतून चिवट झालं किंवा त्यातल्या बारीक शिरा मुळातच नीट वाढलेल्या नसल्या, की पोर्टल व्हेनमधलं रक्त असंच तुंबतं. यालाच पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. दंडावर पट्टा बांधून मोजतात त्या ब्लडप्रेशरशी याचा संबंध नाही. तुंबलेल्या शिरांतून पाणी पोटाच्या पोकळीत झिरपतं, तो जलोदर. आतड्यांच्या भिंती सुजतात, म्हणून उलट्या, पातळ शी, कधी जठरात व्रण होऊन डांबरासारखी काळी शी. आणि शेवटी शरीर नव्या, वेड्यावाकड्या, पातळ वाहिन्या उघडतं. त्यांतून रक्त यकृताला वळसा घालून निघून जातं. दाब थोडा उतरतो, पण अमोनिया न गाळता थेट मेंदूपर्यंत पोचतो.

इथे एक गल्लत फार होते आणि तिच्यापायी नको ते ऑपरेशन होऊ शकतं, म्हणून जरा थांबून सांगतो. काही पिल्लांत जन्मतःच एक, क्वचित दोन, आडवाटेच्या मोठ्या शिरा असतात. त्याला जन्मजात शंट म्हणतात. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग अशा लहान जातींत ही शीर यकृताबाहेर असते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत बहुधा यकृताच्या आत. यात रक्ताला मोकळी वाट मिळालेली असल्याने दाब वाढत नाही आणि पोटात सहसा पाणीही होत नाही. पिल्लू खुरटं राहतं, जेवल्यावर गुंगतं, लघवीत खडे होतात. ही एक शीर हळूहळू बंद करण्याची शस्त्रक्रिया आहे आणि निवडक पिल्लांत ती छान यशस्वी होते. याउलट दाब वाढल्यामुळे मागाहून उघडलेल्या वाहिन्या अनेक असतात. त्या शरीराने जीव वाचवायला उघडलेल्या असतात. त्या बांधल्या तर दाब एकदम चढून कुत्रा दगावतो. तेव्हा ‘शंट आहे, ऑपरेशन करून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर दोन प्रश्न विचारा: शंट एक आहे की अनेक, आणि पोटात पाणी आहे का?

तरुण कुत्र्यात हा दाब वाढण्याची कारणं बरीच आहेत. यकृतातल्या पोर्टल शिरांच्या बारीक फांद्या जन्मतः अपुऱ्या वाढलेल्या असणं हे एक. असा कुत्रा बहुधा एक ते चार वर्षांच्या दरम्यान पोट घेऊन दवाखान्यात येतो. जन्मजात फायब्रोसिस, म्हणजे यकृत तंतूंनी चिवट झालेलं असणं, हे दुसरं. तिसरं म्हणजे तरुण वयातच होणारा हिपॅटायटिस, म्हणजे यकृताचा दाह, जो काही आठवड्यांत कुत्र्याला संपवू शकतो. धमनी आणि पोर्टल शीर एकमेकींत उघडणं ही फार विरळ गोष्ट; तीन-चार महिन्यांच्या पिल्लाचं पोट अचानक भरलं, तर डॉक्टर पोटावर स्टेथोस्कोप ठेवून तिचा घरघर आवाज ऐकतात. पुढे उपाय कारणाप्रमाणे बदलतो, म्हणून ‘लिव्हर खराब आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

जेवणानंतरचे दोन तास

रविवारी घरी मटण झालं, हाडं आणि थोडा रस्सा पिल्लाला मिळाला. तास-दीड तासाने ते कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात जाऊन कपाळ भिंतीला टेकवून उभं राहतं. हाक मारली तर कान हलतो, मान वळत नाही. तोंडातून लाळेची तार लोंबते. मग खोलीत एकाच दिशेने गोल फिरतं, दाराच्या चौकटीवर आदळतं, डोळे उघडे असून दिसत नसल्यासारखं चालतं आणि शेवटी गाढ झोपी जातं. सकाळी उठून शेपूट हलवत हजर. घरच्यांना वाटतं, नजर लागली होती, उतरली. प्रत्यक्षात मटणातल्या प्रथिनांवर आतड्यातल्या जंतूंनी अमोनिया बनवला, यकृताने तो गाळला नाही, आणि रात्रभरात तो ओसरला. चांगले दिवस आणि वाईट दिवस असे आलटून पालटून येणं, आणि वाईट वेळेचा जेवणाशी संबंध असणं, ही या आजाराची खूण आहे.

लाळ आणि विचित्र वागणं म्हटलं की रेबीजची शंका यायला हवी, आणि ती बाजूला सारण्याचा अधिकार तुमचा-माझा नाही. लस झालेली नसेल, बाहेरच्या कुत्र्याने चावल्याचं माहीत असेल, तर पिल्लाच्या तोंडात हात घालू नका, गोळी चारायला जाऊ नका. वेगळं ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

असा प्रसंग घडला की मोबाइलवर मिनिटभर चित्रण करून ठेवा. दवाखान्यात टेबलावर उभं केलेलं पिल्लू घाबरून सावध होतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. चित्रणाखाली काय खाल्लं आणि किती वाजता, हे लिहा. त्याखेरीज वजन. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पिल्लाला उचलून. फरक म्हणजे त्याचं वजन. शिंप्याची टेप शेवटच्या बरगडीमागून पोटाभोवती घ्या, रोज सकाळी खाण्याआधी, आवळून न ओढता. वजन वाढतंय, घेर वाढतोय आणि कणा-खुब्याची हाडं वर येताहेत, असं झालं तर ते वाढलेलं वजन पाण्याचं आहे. एका बाजूला तळवा ठेवून दुसऱ्या बाजूने टिचकी मारली तर लाट हाताला लागते. पण पाणी थोडं असलं की ती लागत नाही, म्हणून या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका.

बाकीच्या खुणा विखुरलेल्या असतात. एकाच वेतातल्या भावंडांपेक्षा लहान राहणं. पाणी फार पिणं, लघवी फार करणं. लघवी करताना कुंथणं, थेंब थेंब होणं. नसबंदीच्या वेळी भूल दिल्यावर तासन्‌तास शुद्धीवर न येणं. असं झालं असेल तर ‘डोस जास्त झाला’ म्हणून सोडून देऊ नका, यकृत तपासा. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासण्या कोणत्या, कोणत्या क्रमाने

पहिल्या भेटीत महागड्या स्कॅनची गरज नसते. रक्ताचा पूर्ण काउंट, काचपट्टीवर रक्ताचा थर, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, साखर, युरिया, लघवी आणि शी. आपल्या भागात काचपट्टी सोडू नका. गोचीडातून येणाऱ्या बॅबेसियात लाल पेशी फुटून कावीळ होते, प्लीहा वाढून पोट मोठं दिसतं, आणि लोक यकृताचं औषध देत बसतात. गोचीडातूनच येणाऱ्या एर्लिकियातही अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतं. तो आजार वेगळा, औषधही वेगळं. कावीळ दिसली की पहिला प्रश्न पेशी फुटताहेत की यकृत बिघडलंय, हाच असतो.

तालुक्याच्या गावी कुत्र्याचं रक्त बरेचदा माणसांच्या पॅथॉलॉजीत जातं. त्याला इलाज नाही, पण रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा माणसाची असते हे ध्यानात ठेवा. ठळक अक्षरात आलेला आकडा पाहून घाबरू नका आणि साधा आकडा पाहून निश्चिंतही होऊ नका. कागद पशुवैद्यांनाच वाचू द्या. कुत्र्याच्या घट्ट लघवीत थोडं बिलिरुबिन निघणं स्वाभाविक असतं, माणसात नसतं.

सगळ्यांत मोठी फसगत एसजीपीटीची. तो आकडा यकृताच्या पेशींना किती मार बसतोय हे सांगतो, यकृत काम किती करतंय हे सांगत नाही. शंट असलेल्या पिल्लात किंवा सुकत आलेल्या यकृतात तो जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. उलट युरिया कमी, अल्ब्युमिन कमी, कोलेस्टेरॉल कमी, साखर खाली, लाल पेशी आकाराने लहान, हे सगळं एकत्र दिसलं तर यकृताचं काम थंडावलंय असं समजावं. युरिया कमी आला तर घरचे खूश होतात, किडनी छान आहे म्हणून. इथे तोच आकडा इशारा असतो.

कामाची खरी चाचणी बाइल अॅसिडची. बारा तास उपाशी ठेवून एक नमुना, मग थोडं जेवण, आणि दोन तासांनी दुसरा. दुसरा आकडा बराच चढला तर रक्त यकृताला वळसा घालतंय किंवा यकृताची ताकद संपलीय. फार लहान किंवा साखर उतरणाऱ्या पिल्लाला बारा तास उपाशी ठेवायचं का, हे डॉक्टरांना आधी विचारा. अमोनियाची तपासणीही आहे, पण तो नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो. हिंगणघाटहून बसने पाठवलेल्या बाटलीचा आकडा निरुपयोगी.

पोटातल्या पाण्याचे काही मिलिलिटर सुईने काढून तपासायलाच हवेत. ते अगदी पाण्यासारखं, प्रथिन फार कमी असलेलं निघालं तर यकृताकडे किंवा उतरलेल्या अल्ब्युमिनकडे बोट जातं. प्रथिन बऱ्यापैकी असेल तर हृदय पाहावं लागतं, रक्ताळ किंवा पू असेल तर गोष्टच निराळी. किडनीतून प्रथिन गळूनही पोट भरतं, अंकुशकृमींनी रक्त पिऊन पिऊनही भरतं. मग सोनोग्राफी, शक्यतो डॉप्लरसह: यकृताचा आकार, पोर्टल शिरेतल्या रक्ताची दिशा आणि वेग, मूत्राशयातले खडे. शंटचा नकाशा हवा तर सीटी अँजिओग्राफी. आणि कारण नक्की करायचं तर यकृताचा तुकडा. बायोप्सीला लोक कचरतात. रक्त गोठण्याची तपासणी न करता ती करूही नये. पण सोनोग्राफीत लहान दिसणाऱ्या यकृतांपैकी कोणतं सिरॉसिसने चिवट झालेलं आणि कोणतं नुसत्या अपुऱ्या शिरांचं, हे तुकड्यावाचून कळत नाही. पहिल्याचं भवितव्य वाईट असतं. दुसऱ्यातले कित्येक कुत्रे योग्य आहार आणि औषधांवर वर्षानुवर्षं जगतात. सोनोग्राफीच्या एका ओळीवरून आशा सोडणारे मालक पाहिले की वाईट वाटतं.

उपचार, आणि घरचे उपद्व्याप

फुगलेलं पोट पाहून ‘डॉक्टर, सगळं पाणी काढून टाका’ असा आग्रह होतो. तसं केलं तर पाण्याबरोबर प्रथिन जातं, रक्तदाब पडतो, आणि थोड्याच दिवसांत पोट पुन्हा भरतं. श्वास अडत असेल तरच पाणी काढतात, तेही बेताने. खरा उपाय म्हणजे खाण्यातलं मीठ कमी करणं आणि स्पायरोनोलॅक्टोन हे औषध; लागलं तर जोडीला फ्युरोसेमाइड. दुकानातून नुसती ‘लघवीची गोळी’ आणून देणं धोक्याचं, कारण पोटॅशियम उतरलं की अमोनियाचा त्रास चढतो. आणि कितीही पोट फुगलेलं असो, पिण्याचं पाणी तोडू नका. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. लघवीच्या औषधावर असलेला कुत्रा अशा दिवसांत काही तासांत सुकतो. त्याला पंख्याखाली, ओल्या गोणपाटावर ठेवा आणि भांडं भरलेलं असू द्या.

मेंदूच्या त्रासावर लॅक्ट्युलोज हे साधं, जुनं सिरप सर्वांत कामाचं. ते आतड्यातला अमोनिया तिथेच अडकवून शीवाटे बाहेर काढतं. दिवसातून दोन-तीनदा मऊ शी व्हावी, पाण्यासारखी नको, असा डोस डॉक्टर बसवून देतात. जोडीला अँटिबायोटिक कमी मात्रेत. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. दोन दिवस शी झाली नाही तरी पिल्लू गुंगतं. जठराच्या व्रणांसाठी औषध लागतं, अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड किंवा ‘सॅमी’ (SAMe) सारखी यकृताची औषधं कारणानुसार. लिव्हर टॉनिकच्या बाटलीने काही बिघडत नाही, पण त्या बाटलीच्या भरवशावर काढलेला महिना मात्र नडतो.

मनाने देऊ नयेत अशी औषधं बरीच आहेत. तापावरची पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही कुत्र्याला एरवीही वाईट, यकृताच्या रुग्णाला तर विष. गिधाडं वाचवण्यासाठी भारतात २००६ पासून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आहे, तरी माणसांची गोळी अर्धी करून चारणारे भेटतात. पोटात पाणी असताना स्टेरॉइडचं इंजेक्शन, ‘भूक लागावी म्हणून’, हे त्याहून जास्त वेळा घडतं. त्याने पाणी वाढतं आणि व्रण फुटतात. ‘शुगर फ्री’ लिहिलेलं माणसांचं सिरप, च्युइंगगम, टूथपेस्ट यांत झायलिटॉल असू शकतं, आणि तो कुत्र्याची साखर पाडून यकृत जाळतो. झटके येणाऱ्या पिल्लाला फिनोबार्बिटोन सुरू करण्याआधी यकृत तपासलंय ना, हे विचारा.

आता आहार. ‘लिव्हरचा त्रास आहे, अंडं-मांस सगळं बंद, नुसता भात द्या,’ हा सल्ला अजून चालतो आणि तो चुकीचा आहे. वाढत्या पिल्लाचं प्रथिन तोडलं तर ते स्वतःचे स्नायू जाळतं, अल्ब्युमिन आणखी उतरतं, पाणी आणखी साचतं. प्रथिन द्यायचंच, फक्त निवडून. दुधातलं, अंड्यातलं आणि सोयाबीनचं प्रथिन यकृताच्या रुग्णाला मटण-कलेजीपेक्षा सोसतं. मऊ भात, घरचं बिनमिठाचं पनीर किंवा ताजं दही, उकडलेलं अंडं, थोडी शिजवलेली मुगाची डाळ, वरून शिजवलेला भोपळा, हे दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. एकदम पोटभर नको. रात्री झोपण्याआधी एक घास द्यावा, म्हणजे पहाटे साखर उतरत नाही. हा आहार महिनोन्‌महिने चालवायचा तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचा हिशोब डॉक्टरांकडून मांडून घ्या. दुधाने जुलाब होत असतील तर दूध बंद, दही चालू.

‘कलेजीला कलेजी’ हा आपला लाडका उपाय इथे सपशेल उलटा पडतो. कलेजीत तांबं भरपूर असतं, आणि लॅब्राडॉरसारख्या काही जातींत यकृतात तांबं साचूनच हिपॅटायटिस होतो. शिवाय तिच्यातून अमोनियाही जास्त बनतो. सावजी रश्श्यात भिजवलेली पोळी, शेव, खारी बिस्किटं, पापड, लोणच्याचा मसाला, हे मिठाचे साठे. पाहुण्यांनाही तसं बजावा, कारण पथ्य पाहुणेच मोडतात.

बुरा आलेली भाकर आणि १९७४ सालची मका

जन्मजात दोष टाळणं आपल्या हातात नाही. यकृतावरचे इतर घाव बरेचसे आहेत. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात गावोगाव माणसांना कावीळ, झपाट्याने वाढणारा जलोदर आणि पोर्टल हायपरटेन्शन होऊ लागलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. अवकाळी पावसात भिजलेली, नीट न वाळवता साठवलेली मका हे लोक खात होते आणि तिच्यावर अस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन होतं. या साथीत घरची कुत्रीही तशीच आजारी पडून मेली, आणि माणसांच्या आधी पडली. ज्या घरात तीच मका शिजत होती, तिथलंच उरलेलं कुत्र्याला मिळत होतं.

वर्धा जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. शेतातलं कुत्रं गोठ्यात झोपतं, सरकी ढेपेचं पोतं चाटतं, खळ्यावरच्या शेंगा खातं. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली ढेप किंवा बुरा आलेले दाणे गाईला नको म्हणून बाजूला टाकले, की ते कुत्र्याच्या तोंडी जातात. बुरा झटकून भाकर शिजवली किंवा भाजली तरी विष जात नाही. अफ्लाटॉक्सिन स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाही. विकतचं खाणंही यातून सुटलेलं नाही. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनमुळे कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याचे लॉट बाजारातून परत घ्यावे लागले, अनेक कुत्री मेली. तेव्हा सुटं, पोत्यातून मोजून दिलेलं खाद्य पावसाळ्यात घेऊ नका. पिशवी घ्या ती महिन्यात संपेल एवढी, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, वास बदलला तर फेका. कोंबड्यांनाही टाकू नका.

लसीबद्दल थोडक्यात. पिल्लांच्या एकत्रित लशीत संसर्गजन्य हिपॅटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही असतात ना, हे कार्डावर पाहा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस पुरे करायचे. एक टोचून थांबलं तर संरक्षण अर्धवट राहतं. लेप्टो माणसालाही होतो. कावीळ झालेल्या कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका, हातमोजे घाला, फरशीवर ब्लीचिंगचं पाणी टाका.

कुठे जायचं

सुरुवात आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा वर्ध्याहून. डॉप्लर सोनोग्राफी, बायोप्सी लागली तर जवळचं मोठं ठिकाण म्हणजे नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. १९५८ पासूनची ही संस्था आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, आणि वर्ध्याहून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. जाण्याआधी फोन करून कोणत्या दिवशी कोणती तपासणी होते आणि उपाशी आणायचं का, हे विचारून घ्या. सीटी आणि शंटच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई-पुण्याकडे जावं लागतं. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालंय. एवढा खर्च सगळ्यांना पेलत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लॅक्ट्युलोज, पथ्य आणि नियमित तपासणी यांवरही शंटची अनेक पिल्लं काही वर्षं बरी राहतात. परवडेल तेवढं स्पष्ट सांगितलं की डॉक्टर त्याप्रमाणे मार्ग आखतात.

रात्री-अपरात्री झटका आला तर तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका. कुशीवर निजवा, डोकं आपटू देऊ नका. झटका थांबल्यावर आणि पिल्लू गिळू शकत असेल तर हिरड्यांना थोडं ग्लुकोज किंवा मध चोळा, आणि निघा. पाच मिनिटांहून लांबलेला झटका, काळी शी, रक्ताची उलटी, हाक मारूनही न उठणं, धाप लागणं, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

जन्मजात शंट किंवा अपुऱ्या पोर्टल शिरा असलेल्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत. प्रकृती सावरल्यावर, भूल देणाऱ्याला आजाराची पूर्ण कल्पना देऊन, नसबंदी करून घ्यावी. आणि पिल्लू ज्याच्याकडून घेतलं त्याला रिपोर्ट जरूर दाखवा. तो कदाचित चिडेल, पैसे परत मागायला आलात असं समजेल. तरीही सांगा, की हीच जोडी पुन्हा लावू नका, आणि याच वेतातली बाकीची पिल्लं कुणाकडे गेली त्यांनाही तपासणी करून घ्यायला कळवा.